फोटोतला हात

लोकांना इंच कळत नाहीत, हात कळतो, असं हे म्हणायचे. म्हणून आम्ही विकायला ठेवलेल्या प्रत्येक वस्तूच्या फोटोत यांचा डावा हात आहे. उजव्या हातात मोबाईल, डाव्या हातात वस्तू, मागे आमच्या मागच्या व्हरांड्याची फिकट निळी भिंत. पितळी वाटी असो, चिनी मातीची बरणी असो की जुन्या धाटणीचा कंदील, हात तोच. अंगठ्याचं नख कधीकाळी यंत्राखाली चेपलेलं, त्यामुळे जाड आणि मधोमध उभी रेघ असलेलं. घेणाऱ्याला ते नख दिसत असेल की नाही, ठाऊक नाही. मला आधी तेच दिसायचं.

गंमत म्हणजे हा माणूस जन्मभर कारखान्याच्या तपासणी विभागात होता. सुट्या भागांची मापं घेणं हेच काम. केसाएवढा फरक सापडला की भाग बाजूला. जबलपुरात कांचघरला आम्ही घर घेतलं तेव्हा दाराच्या चौकटीतला फरकही यांनी नुसत्या नजरेने ओळखला होता आणि सुताराला परत बोलावलं होतं. निवृत्तीनंतर हा जुन्या वस्तूंचा उद्योग सुरू झाला, तेव्हा मी साहजिकच म्हटलं, उंची, घेर, सगळं नीट मोजून लिहू या.

"कारखान्यात मोजलं तेवढं खूप झालं," हे म्हणाले. "आता घरीही काहून मोजायला लावून राहिली?"

"अहो, घेणाऱ्याला कळायला नको?"

"हात आहे न फोटोत. त्याच्यावरून समजते."

उद्योग लहानसाच होता. जुन्या बाजारातून, कबाड्याकडून, बदली होऊन जाणाऱ्यांच्या घरातून हे वस्तू आणायचे. चिंच आणि राखेने घासायचे. मग फोटो काढून मोबाईलवर एका विक्रीच्या साइटवर ठेवायचे. वर्णन लिहिण्याचं काम माझं. मी राइट टाउनमधल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते, आणि पुस्तकांची टिपणं लिहिण्याची सवय हाताला होती. मी बरणीवरच्या रंगाबद्दल, झाकणाच्या घडणीबद्दल, ती कुठल्या स्वयंपाकघरात वापरली जात असेल त्याबद्दल सावकाश, चांगल्या हिंदीत लिहायची. हे ते वाचायचे आणि हसायचे.

"मस्त लिहिलं. पण कोणी वाचत नाही हं. लोक फोटो पाहतात अन् विचारतात, भैया, कितना बड़ा है."

खरंच तसं व्हायचं. मी लिहिलेलं सगळं वर तसंच असायचं आणि खाली प्रश्न यायचा, कितना बड़ा है? उत्तर यांनी मला ठरवून दिलं होतं. फोटो में हाथ है, उससे अंदाज़ लगा लीजिए. हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं की शेवटी मोबाईल पहिल्या दोन शब्दांनंतर ते स्वतःच पुरं करायला लागला.

वस्तू पोचली की लोक दोन ओळींचं मत लिहीत. बहुतेकांची मतं एकाच प्रकारची असत. उम्मीद से बड़ा निकला. फोटो में छोटा लग रहा था, बहुत बढ़िया. हे ती मतं मोठ्याने वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "पाहा, लोकांना जास्तीच देऊन राहिलो आपण." असं का होतं, याचा आम्ही दोघांनीही कधी विचार केला नाही. लोक खूश होते आणि आम्हीही.

सगळ्यात चांगल्या वस्तू मझौलीला मिळत. तिथल्या बाजारात एक भांड्यांचं दुकान आहे. आसपासच्या गावांतली माणसं घरातलं जुनं पितळ, कासं आणतात, तोलून देतात आणि त्याच्या बदल्यात लखलखीत स्टील घेऊन जातात. आपल्याकडे ज्याला मोड म्हणतात, ती. दुकानाच्या मागच्या अंगाला मोडीची पोती उभी असतात. भरली की भट्टीवर जातात आणि पितळ वितळून जातं. हे महिन्यातून एखाद्या सकाळी बसने तिथे जायचे, पोत्यापुढे उकिडवे बसायचे आणि एकेक भांडं बाहेर काढून पाहायचे. मोडीच्या भावावर थोडे चढवून द्यायला यांची तयारी असे, म्हणून दुकानदार बसू द्यायचा. टोमणे मात्र मारायचा.

"आ गए बाबूजी कबाड़ सूँघने? भाभीजी को आज साथ में काहे घसीट लाए?"

"पढ़ी-लिखी हैं. बर्तनों का नाम पढ़ने के लिए लाया हूँ."

हे अगदीच खोटं नव्हतं. जुन्या भांड्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी नावं घातलेली असतात. कुणाच्या लग्नात कुणी दिलं, कुणाच्या स्मरणार्थ वाटलं. बहुतेक हिंदीत. मधूनच एखादं मराठी निघे. कधीतरी नागपूर-भंडाऱ्याकडून इकडे नोकरीला आलेल्या कुठल्या तरी घरातलं, त्या घरातून कुणाकुणाकडे फिरत फिरत मझौलीच्या पोत्यात पोचलेलं. असं भांडं मिळालं की हे मला हाक मारायचे. आम्ही दोघं ते उजेडात तिरपं धरून वाचायचो. 'मामीकडून सप्रेम' एवढंच वाचता येई, पुढचं झिजलेलं असे. इतर विक्रेते नावं घासून काढतात, कारण दुसऱ्याच्या नावाचं भांडं लोकांना नको असतं. यांनी एकही नाव घासलं नाही. "आपण काहून घासायचं? त्या मामीनं आपलं काय घोडं मारलं?" असं म्हणायचे.

फिरकीचा तांब्या त्या पोत्यातच मिळाला. प्रवासातला, आट्यांच्या झाकणाचा, वर कडी असलेला. पोत्याच्या तळाशी होता आणि बाहेर काढायला यांना खांद्यापर्यंत हात घालावा लागला. झाकण बसलेलं होतं. यांनी ते तळव्याने खाली दाबलं आणि दाबून धरूनच फिरवलं. निघालं. दुकानदाराने "अरे वाह" म्हटलं, कारण त्याच्याकडून ते निघालं नव्हतं. तळाला मराठी अक्षरं होती, त्यातलं फक्त 'प्रवासासाठी' एवढं लागलं. परतताना आम्ही मटाराच्या शेंगा घेतल्या होत्या. बसमध्ये हे शेंगा सोलून एक दाणा मला, एक स्वतःला असं करत राहिले आणि तांब्या माझ्या मांडीवर होता. थंडीचे दिवस होते. पितळ गार लागत होतं आणि मग माझ्या अंगाने हळूहळू कोमट झालं.

दुसऱ्या सकाळी यांनी तो घासला आणि फोटो काढला. तांब्याच्या गळ्याभोवती बोटं वेढलेली, मधल्या बोटाचं टोक अंगठ्याला टेकलेलं. त्यानंतर आम्ही मझौलीला गेलो नाही. त्याच थंडीत हे गेले. हृदय. फारसं काही करायला वेळ मिळाला नाही, आणि त्याविषयी मी इथे अधिक लिहिणार नाही.

दिवस झाले, पाहुणे गेले, मुलगी बेंगळुरूला परतली. मोबाईलवरचं दुकान उघडंच राहिलं होतं. ते बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. एके सकाळी बरणीची ऑर्डर आली. मी बराच वेळ नुसती बघत बसले. मग उठले, औषधाच्या दुकानातून खोका मागून आणला, वर्तमानपत्राचे बोळे केले, यांच्यासारखीच आडवी-उभी सुतळी बांधली आणि बरणी कुरियरवाल्याच्या स्वाधीन केली. बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी दुपारी भूक लागली.

संध्याकाळी साइट उघडली तर बरणीचा फोटो तिथे नव्हता. वस्तू विकली गेली की ती दुकानातून निघते, हे मला माहीत होतं. इतकी वर्षं ते चांगलंच वाटत आलं होतं. त्या दिवशी मात्र रिकाम्या झालेल्या जागी पुढची वस्तू सरकलेली पाहिली आणि माझ्या लक्षात आलं की बरणीबरोबर एक हातही गेला.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, फोटो तर सगळे बाबांच्या फोनमध्ये आहेत ना. मी कॉपी करून ठेवले. तुला भेजू?"

तिचं मराठी असंच आहे. समजतं सगळं, बोलताना हिंदी आत येते. तिने फोटो पाठवले आणि ते माझ्याकडे आहेत. पण तिला समजावता येईना, की साठवून ठेवलेल्या फोटोतला हात आणि दुकानातल्या फोटोतला हात यांत फरक आहे. साठवलेला हात गेलेल्या माणसाचा आहे. दुकानातला हात अजून कामावर आहे. कुणीतरी इंदूरला, कुणीतरी रायपूरला त्याच्याकडे बघून अंदाज लावतंय. त्याला अजून विचारणारं कुणी आहे.

वस्तू जात राहिल्या. वाट्या गेल्या, कंदील गेला, अडकित्ता गेला. मी एकेक बांधत गेले. पैशांची फार गरज नव्हती, पण ऑर्डर नाकारणं मला जमत नव्हतं. यांचा त्याबाबतीत कडक नियम होता. विकाऊ म्हणून ठेवलेली वस्तू मागितली तर द्यायची, आणि विकली की त्याच संध्याकाळी दुकानातून काढायची. "तिकडे कोणी आस लावून बसते न बाप्पा," म्हणायचे. "नाही तर नाही म्हणा, त्याला लटकवून काहून ठेवता?"

मुलीने सुचवलं, नवीन वस्तू टाक, तुझ्या हाताचा फोटो काढ. दुकान रिकामं दिसणार नाही. घरात न घासलेल्या दोन-तीन वस्तू पडून होत्या. एक पितळी वाडगा मी चिंचेने घासला, व्हरांड्यात गेले, डाव्या हातात धरला आणि फोटो काढला. भिंत तीच, उजेड तोच. फोटोत माझी बांगडी आली होती. वाडगा लगेच विकला गेला आणि आठवडाभरात परत आला. घेणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं, फोटो में तो बड़ा दिख रहा था, ये तो कटोरी निकली. दीदी, ऐसा धोखा मत कीजिए.

धोखा हा शब्द मला फार लागला. मी वाडगा पुन्हा पुन्हा हातात घेऊन पाहिला. जसा होता तसाच फोटोत होता. हे काम माझं नाही, एवढं मी त्यातून समजले, आणि त्यानंतर काहीही नवीन ठेवलं नाही.

असं करत करत दुकानात एकच वस्तू उरली. फिरकीचा तांब्या.

तांब्याबद्दल पहिला निरोप आला तेव्हा मी उत्तर द्यायच्या आधी किंमत वाढवली. नियम मोडायचा नव्हता, वस्तूही द्यायची नव्हती. महाग झाल्यावर कोण घेईल, असा माझा हिशेब होता. विचारणारा खरंच गप्प झाला. पण पुढच्या आठवड्यात दोघांनी विचारलं. मी आणखी वाढवली. आता चौघं. किंमत पाहून लोकांना वाटायला लागलं की ही काहीतरी दुर्मीळ चीज आहे. एकाने विचारलं, किसी राजघराने का है क्या? दुसऱ्याने लिहिलं की मी संग्राहक आहे, याची माहिती द्या. मी त्याला प्रामाणिकपणे लिहिलं की रेल्वेच्या प्रवासात पाणी नेण्यासाठी असे तांबे घरोघरी असत, यात विशेष काही नाही. त्यावर त्याचा विश्वास आणखीच वाढला.

मुलीला हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की मलाही हसू आलं. "आई, तू तर बाबांपेक्षा भारी बिझनेस करून राहिली!" मग म्हणाली, "नाही द्यायचा तर हटवून टाक ना. कोणी जबरदस्ती थोडीच आहे."

"हटवला तरी फोटो जाईलच ना."

"मग?"

साइटवरून दर महिन्याला एक निरोप यायचा. तुमची ही वस्तू अजून उपलब्ध आहे का? खाली दोन चौकटी. आहे. विकली. मी 'आहे' वर बोट ठेवायची आणि महिनाभर सुटल्यासारखं वाटायचं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका मुलीचा निरोप आला. इतरांसारखं भावावरून काही नाही. थेट मराठीत. 'नमस्कार. तांब्या मला हवा आहे. लिहिलेल्या किमतीला. मी जबलपूरमध्येच असते, स्वतः येऊन नेईन. तुमचं वर्णन पूर्ण वाचलं. तळाशी मराठी अक्षरं आहेत असं लिहिलंय, म्हणून मराठीत लिहिते आहे.'

माझं वर्णन कुणीतरी पूर्ण वाचलं होतं. ते आधी यांना सांगावंसं वाटलं. मग बाकीचं ध्यानात आलं. लिहिलेल्या किमतीला. आता नाही म्हणायला काही कारण उरलं नव्हतं. तरी मी मनाशी ठरवून ठेवलं की ती आली की सांगायचं, तांब्याला चीर गेली आहे, पाणी गळतं. एवढं खोटं चालेल.

ती रविवारी सकाळी स्कूटरवरून आली. तिशीच्या आतबाहेरची, बँकेत अधिकारी. बदलीवर येऊन वर्षही झालेलं नव्हतं. चपला बाहेर काढून आत आली, पाणी प्यायली, आणि भिंतीवरच्या यांच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहून क्षणभर थांबली.

"काकू, खरं सांगू का," ती म्हणाली, "एवढी किंमत देणं मला जड आहे. पण बाबांनी परेशान करून सोडलंय. आई गेल्यावर त्यांना इकडे आणलं. वर्ध्याचं घर आवरताना मी सगळं पितळ मोडीत देऊन टाकलं, अन् त्यात त्यांचा फिरकीचा तांब्या गेला. आता बाटलीनं पाणी पीत नाहीत. प्लास्टिकचा वास येते म्हणतात. स्टीलचा दिला तर म्हणतात, झाकण नाही. दिवसभर विचारतात, माझा तांब्या कुठे ठेवला? डॉक्टर म्हणतात पाणी वाढवा. मी काय करू सांगा."

चिरेचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते तसंच राहिलं. मी आत गेले आणि तांब्या आणून तिच्यापुढे ठेवला. निदान हातात घेऊन बघ, असं काहीसं पुटपुटले.

तिने तो आधी उलटा केला आणि तळ उजेडाकडे धरला. ती काय शोधते आहे ते मला कळलं.

"नाही," ती म्हणाली. "आमचा नाही हा. आमच्यावर आजोबांचं नाव होतं." मग तिने तांब्या दोन्ही हातांनी तोलला. "वजन मात्र तसंच आहे. पण काकू, हा केवढा मोठा आहे! फोटोत लहान वाटला होता. मला वाटलं, बाबांच्या उशाजवळच्या स्टुलावर सहज राहील."

"सगळे तसंच म्हणायचे," मी म्हटलं. "उम्मीद से बड़ा निकला."

"म्हणजे, फोटोत कोणी धरलाय त्यांचा हात…" ती मोबाईल काढून फोटो पाहायला लागली. तिने तांब्याचा गळा फोटोतल्यासारखा डाव्या हातात धरला. तिची बोटं अर्ध्यावरच संपली. "बापरे. केवढा हात आहे हा."

मी तिच्या हातातून तांब्या घेतला आणि तसाच धरून पाहिला. माझं मधलं बोट आणि अंगठा यांच्यात चांगलं चार बोटांचं अंतर उरलं. फोटोत ती दोन टोकं सहज टेकलेली होती.

इतकी वर्षं हा हात माझ्यासमोर होता. बसमध्ये शेंगा सोलणारा, सुतळी बांधणारा, आजारपणात माझ्या कपाळावर ठेवलेला. तो मोठा होता हे मला कधी कळलंच नाही. तो एवढाच असतो, असं मी धरून चालले होते. आणि त्या हातात जे जे आलं ते त्याच्या मानाने लहान दिसलं. वाट्या, बरण्या, कंदील, सगळं. आयुष्यभर केसाएवढा फरक पकडणारा हा माणूस बिनधास्त सगळ्या गिऱ्हाइकांना चुकीचं माप दाखवत होता आणि त्याला पत्ताही नव्हता. आणि माझ्या वाडग्याचा धोखा तोही हाच. माझा हात लहान.

मला हसू फुटलं. ते थांबेना. ती मुलगी घाबरून उठली, "काकू, काय झालं?" मी तिला सगळं सांगितलं. तपासणी विभागाचं, इंचाचं, कटोरीचं. तीही हसली. मग माझे डोळे पुसून झाल्यावर तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि तांब्या हळूच माझ्या बाजूला सरकवला.

"राहू द्या, काकू. मी दुसरा शोधेन."

ती मनापासून म्हणाली होती. तांब्या आमच्या दोघींच्या मध्ये टेबलावर होता आणि मी तो उचलून आत नेला असता तर तिने काही म्हटलं नसतं. आणि आता तर माझ्याकडे खरं कारण होतं. फोटो कितीही असले तरी त्यांच्यात माप नाही. यांच्या हाताचं माप जगात आता याच एका वस्तूवर होतं, आणि ते मला पाच मिनिटांपूर्वीच कळलं होतं. अजून मला ते धरून बसायचं होतं. रोज सकाळी, चहा झाल्यावर, थोडा वेळ.

पण मला पोतंही दिसत होतं. खांद्यापर्यंत आत गेलेला हात दिसत होता. तो तांब्या तिथून कपाटात ठेवण्यासाठी निघाला नव्हता.

"बाबांना झाकण उघडता येईल का?" मी विचारलं.

"घट्ट आहे का?"

"नुसतं फिरवून निघत नाही. आधी दाबायचं. तळव्यानं. दाबून धरायचं आणि मग फिरवायचं." मी तिला करून दाखवलं. तिने दोनदा केलं, तिसऱ्यांदा निघालं. मग मी किमतीचं सांगितलं. यांनी पहिल्यांदा जी ठेवली होती तीच घेईन, बाकी माझी गंमत होती.

"असं कसं, काकू? लिहिलंय तेवढे घ्या न."

"तुझ्या बाबांना सांग, घासायला चिंच वापरा. पावडर नको."

खोका नको म्हणाली. मी तरीही बोळे भरून तांब्या खोक्यात ठेवला आणि सुतळी बांधली, आडवी-उभी. तिने तो स्कूटरच्या पुढच्या बाजूला दोन्ही पायांच्या मध्ये ठेवला. फाटकापाशी वळताना तिने हात केला. तो रस्ता दुकानांपर्यंत सरळ जातो, त्यामुळे ती बराच वेळ दिसत राहिली.

दोन दिवसांनी तिचा निरोप आला. 'बाबांनी उलटा करून पाहिला. म्हणाले, हा आपला नाही. मग म्हणाले, भर.' आणि खाली, 'दोन वेळा भरला.'

त्या संध्याकाळी, नियमापेक्षा दोन दिवस उशिराच, मी साइट उघडली. चौकटी पुढे होत्या. आहे. विकली. दुसरीवर बोट ठेवायचं आणि संपलं. मी मोबाईल ओट्यावर ठेवला, कुकर लावला, वरण घोटलं, पुन्हा मोबाईल घेतला. हात निळ्या भिंतीपुढे होता, बोट अंगठ्याला टेकलेलं, नखावरची रेघ स्पष्ट. या गोष्टीत यांचं मन माझ्या बाजूचं नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तिकडे कोणी आस लावून बसते न बाप्पा.

म्हणून मी मधला मार्ग काढला. वर्णनातलं जुनं सगळं खोडलं आणि तिथे लिहिलं, यह लोटा जा चुका है. कृपया न पूछें. शिवाय किंमत यांनी ठेवली होती तेवढीच खाली आणली, म्हणजे कुणाला राजघराण्याची शंका येऊ नये. आणि पहिल्या चौकटीवर बोट ठेवलं.

माझी मुलगी फोनवर रागावली. "आई, हे चीटिंग आहे. बाबा असते तर?"

"लिहिलंय ना वर, गेलेला आहे म्हणून."

"कोई पढ़ता है क्या?"

कुणी वाचत नाही, हे मलाही माहीत आहे. महिन्यातून चार-पाच जण तरी विचारतात. मी प्रत्येकाला माफी मागून सांगते की तांब्या दिला, आता नाही. काही जण चिडतात, फिर लगाया क्यों है? ते बरोबर आहे. दर महिन्याला साइट विचारते, अजून उपलब्ध आहे का, आणि मी हो म्हणते. कधीतरी नाही म्हणेन. मुलीला तसं सांगितलं आहे.

आज दुपारी कटनीहून कुणीतरी नवीन निरोप पाठवला. नमस्कार नाही, आहे की गेला हेही नाही. एवढंच, कितना बड़ा है?

मी दोन शब्द लिहिले. पुढचं मोबाईलने स्वतःच पुरं केलं. फोटो में हाथ है, उससे अंदाज़ लगा लीजिए. मी ते पाठवलं. मग त्याच्या खाली खरं तेही लिहिलं, की तांब्या आता इथे नाही.